अंधाराची साडेतीन पानं

आमच्या घरातला अंधार म्हणजे मी. हे मी मनाचं सांगत नाही, छापून आलंय. पुस्तकाचं नाव ‘राखेतल्या रणरागिणी’, पान एकशे बारापासून एकशे पंधराच्या अर्ध्यापर्यंत. कागद चांगला गुळगुळीत आहे आणि मुखपृष्ठावर एका बाईच्या केसांतून ज्वाळा निघतायत. ती बाई कोण, कुणालाच माहीत नाही. माझी सून तर नक्कीच नाही, कारण तिने बॉयलरच्या उष्म्याला कंटाळून केस कधीच कानापर्यंत कापून टाकलेत.

माझी सून बॉयलर निरीक्षक आहे. जिथे जिथे वाफ तयार होते, कारखाना असो की इस्पितळ, तिथे ती जाते. बॉयलर थंड करायला लावते, आत शिरते, हातोडीने ठोकून बघते आणि मग कागदावर सही करते, किंवा करत नाही. तिने सही केली नाही तर बॉयलर बंद. एरवी कुणाला भीक न घालणारे मालक तिच्यासमोर हात चोळत उभे राहतात. त्या सबंध खात्यात ती पहिली बाई. तेव्हा तिच्यावर पुस्तकात धडा आला यात नवल नाही. नवल हे, की धड्यात बॉयलर अर्ध्या पानात आटोपलाय आणि मी साडेतीन पानं पुरलेय.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी लेखिकाबाई घरी आल्या. आमच्या दाराचं कुलूप अडकतं, गेली सात वर्षं अडकतंय. माझ्या मुलाला दर रविवारी ते दुरुस्त करायचं असतं आणि दर रविवारी त्याला झोप येते. त्या दिवशी सून बाहेर अडकली होती आणि मी आतून कडी ओढत, तोंडाने त्या कुलपाच्या सात पिढ्या उद्धरत होते. तेवढ्यात लेखिकाबाई जिना चढून आल्या. त्यांनी काय पाहिलं? कामावरून दमून आलेली सून बंद दाराबाहेर, आणि आतून सासूचा आवाज. बाईंचे डोळे लकाकले असणार, मला दार उघडल्यावरच दिसले.

बसल्या बसल्या त्यांनी वही काढली. वहीत चार रकाने होते : अंधार, ठिणगी, ज्वाला, प्रकाश.

“प्रत्येक स्त्रीच्या आयुष्यात हे चार टप्पे असतातच,” त्या म्हणाल्या. “प्रकाश माझ्याकडे आहे, तुमचं पद वगैरे. अंधाराबद्दल सांगा ना.”

सुनेने प्रामाणिकपणे विचार केला. “अंधार भट्टीत असतो,” ती म्हणाली. “बॅटरी घेऊन जावं लागतं.”

“तसा नाही हो. आयुष्यातला. एखादा भयंकर काळ?”

“एकदा बॉयलरला पाणी देणारा पंप बंद पडला होता. अकरा मिनिटं.”

लेखिकाबाईंनी पेन टेकवलं नाही. माझ्याकडे बघितलं, मग आवाज खाली आणून तिला विचारलं, “आणि घरून? विरोध?”

सून माझ्याकडे बघत राहिली. एवढा वेळ लागायचं खरं तर काही कारण नव्हतं. मग म्हणाली, “नाही. आईंनीच मला बॉयलर हाऊसमध्ये लावलं.” बाईंनी हे उत्तर लिहून घेतलं नाही. त्याआधीचं तिचं गप्प राहणं तेवढं घेतलं.

जाताना त्यांना तिचं जुनं हॅण्डबुक दिसलं. त्याच्या पुठ्ठ्यावर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग आहे. एकदा ते पुस्तक भिजलं होतं, तेव्हा मी एकेक पान इस्त्रीने वाळवलं होतं. दोनशे चाळीस पानं. पुठ्ठ्यावर जरा जास्त वेळ टेकली इस्त्री, झालं. “हे कसं झालं?” बाईंनी विचारलं. “आईंच्या हातून जळलं,” सून म्हणाली. तिला दोन वाक्यांच्या जागी एक वाक्य बोलायची सवय आहे. ती सवय मला साडेतीन पानांना पडली.

पुस्तक आलं तेव्हा मी चष्मा लावून, चहा घेऊन, हौसेने वाचायला बसले. त्यात मी सुनेची पुस्तकं चुलीत घातली होती. आमच्या घरी गॅस आहे. गॅसवर पुस्तक जाळायचं तर ते हातात धरून उभं राहावं लागतं, आणि दोनशे चाळीस पानांचं जळेपर्यंत बाईचा हात भाजून निघेल, एवढा साधा विचारही लेखिकाबाईंनी केला नव्हता. पुढे मी तिला ‘रात्र रात्र उंबऱ्याबाहेर’ ठेवलं होतं. आणि नात झाली तेव्हा मी ‘तोंड फिरवलं’ होतं. तोंड मी फिरवलं होतं हे खरं आहे. शिंक आली होती. तान्ह्या पोरीच्या तोंडावर शिंकायचं का?

आणि ठिणगी कोण? फोरमन! आमच्या इस्पितळाच्या बॉयलर हाऊसचा फोरमन. ‘त्या करड्या माणसाने तिच्या डोळ्यांतला अग्नी ओळखला.’ आता हे सांगायला हवं. मी त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं काढली. गरम रोलरमधून चादरी काढायचं माझं काम. रोलरला वाफ बॉयलरमधून यायची. वाफ ओली आली की चादर दमट निघते, आणि ते बॉयलर हाऊसमध्ये कळायच्या आधी माझ्या तळहाताला कळायचं. तीनदा मी जाऊन सांगितलं, तिन्ही वेळा माझं खरं निघालं. मग मी फोरमनला म्हटलं, मला हे काम शिकवा. तेव्हा तो नवा होता, मिशी कोवळी होती. म्हणाला, “बाई, तुम्ही आपल्या चादरी बघा.” आणि सगळे हसले. मीसुद्धा हसले, कारण तिथे उभं राहून दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. त्याच माणसाच्या मागे पुढे पंचवीस वर्षांनी मी हात धुऊन लागले, दीड वर्ष लागले, तेव्हा कुठे माझ्या सुनेला मदतनीस म्हणून घेतलं. घेतलं आणि चहा करायला लावलं. असा तो अग्नी ओळखणारा.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, असं मी घरभर म्हणत फिरले. मुलगा म्हणाला, “आई, जाऊ दे ना, कोण वाचतंय.” त्याला पुस्तकात दोन ओळी आहेत, ‘खंबीरपणे पाठीशी उभा राहणारा पती’. तो उभा राहिलेला मी फारसा पाहिलेला नाही.

पण वाचणारी होती. माझी नात आठवीत आहे. तिच्या शाळेत पुस्तकाच्या तीन प्रती आल्या आणि वर्गात बाईंनी नेमका आमचाच धडा मोठ्याने वाचला. नात घरी आली, दप्तर ठेवलं, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आजी, तू आईची पुस्तकं जाळलीस?”

“नाही गं.”

“छापलंय.”

“छापलेलं सगळं खरं असतं का?”

“मग आईने लेखिकाबाईंना खोटं सांगितलं?”

ही पोर दोन महिन्यांची असल्यापासून माझ्या मांडीवर वाढली. तिची आई पाळीवर जायची, मी निवृत्त झाले होते, पोर माझी. त्या दिवशी ती माझ्या ताटाशेजारी जेवायला बसली नाही, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली. लेखिकाबाईंची चार हजार पुस्तकं खपोत नाहीतर चाळीस हजार, मला त्याचं काही नव्हतं. मला टेबलाचं ते टोक झोंबलं.

मी सुनेला धरलं. “पुढच्या शनिवारी पुस्तकाचा समारंभ आहे ना? तुला बोलायचंय ना? मग स्टेजवर माइकवरून सांग. पुस्तकात काय खोटं आहे ते सगळ्यांसमोर सांग. पोरीसमोर सांग.”

ती कप धूत होती. नळ बंद केला. “सगळं सांगू?”

“सगळं!” मी ठणकावलं. “माझी भीती कसली?”

उचलली जीभ लावली टाळ्याला.

शनिवारी दुपारी ती तयार होत होती. गणवेशाच्या कोटाचं वरचं बटण तुटलेलं दिसलं. “आई, एक काळं बटण द्या ना.”

माझ्याकडे बटणांचा डबा आहे. धुलाईत डॉक्टरांच्या कोटांची, पेशंटच्या शर्टांची बटणं तुटायची, ज्यांचा मालक सापडायचा नाही ती मी डब्यात टाकायची. एकतीस वर्षांची बटणं. सून कुणाच्याही बॉयलरचं झाकण उघडायला लावेल, पण माझ्या डब्याला हात लावत नाही. बटण हवं तर मागते. लेखिकाबाई गेल्यावर मी शेजारणीला हेच सांगितलं होतं, ‘बघा, एवढा मान ठेवते.’

माझे हात कणकेत होते. “तूच काढ की,” मी म्हटलं.

“नको. तुम्हीच द्या. थांबते मी.”

मी हात धुतले, डबा घेऊन खिडकीशी बसले आणि बोटांनी बटणं सारली. तळाला ते पत्र होतं. असणारच, मीच ठेवलं होतं.

तर हे असं आहे. बारा वर्षांपूर्वी सुनेने पहिल्या प्रमाणपत्राचा अर्ज केला होता. लेखी झालं होतं, तोंडी परीक्षेचं बोलावणं यायचं होतं. ते आलं तेव्हा घरात मी आणि नात. नात तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. मी पाकीट उघडलं. आतल्या कागदावर तिचं नाव टाइप केलेलं होतं, नावाखाली ‘बॉयलर परिचर, उमेदवार’, आणि तारीख, वेळ. मी ते वाचलं आणि मला फोरमनची कोवळी मिशी आठवली. ते काम मी तिला मिळवून दिलं होतं, भांडून मिळवून दिलं होतं, आणि आता ते तिला खरोखर मिळणार म्हटल्यावर माझा असा जळफळाट झाला, की मी पाकीट डब्यात टाकून वर बटणं ओतली. मनात म्हटलं, संध्याकाळी देईन. संध्याकाळी म्हटलं, सकाळी देईन. नऊ दिवसांनी तारीख गेली. सुनेने चौकशी केली, कार्यालय म्हणालं पाठवलं होतं, ती म्हणाली टपालात गहाळ झालं असेल. मी म्हटलं, हल्ली टपालाचं काही खरं नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा बसली आणि पास झाली. पत्र फाडायची माझी हिंमत नव्हती आणि द्यायची दानत नव्हती, म्हणून ते तिथेच राहिलं.

काळं बटण सापडलं नाही, गडद निळं दिलं. लांबून कळत नाही.

समारंभाला मोठा हॉल होता. दारात एक मुलगी छातीला बिल्ले लावत होती. मला ‘कुटुंबीय’ असा बिल्ला मिळाला आणि दुसऱ्या रांगेत बसवलं. सगळ्या रणरागिणींचे कुटुंबीय एकाच रांगेत. पुस्तक सगळ्यांनी वाचलेलं, त्यामुळे मागची माणसं माना उंच करून आमच्याकडे बघत होती. पंचवीस बायकांचे पंचवीस अंधार ओळीने बसलेले, नटूनथटून.

माझ्या एका बाजूला नात, दुसऱ्या बाजूला एक टक्कल पडलेले गृहस्थ. जलतरणपटूचे वडील.

“तुम्हाला किती?” त्यांनी विचारलं.

“काय किती?”

“पानं हो.”

“साडेतीन.”

“अरे वा!” ते मनापासून म्हणाले. “मला पावणेदोनच. मी तिला तलावात ढकललं असं लिहिलंय. ती स्वतः उडी मारायची हो, मी काठावर टॉवेल घेऊन. पण टॉवेलचं कोण लिहितो?” मग जरा वाकून, “त्या कोपऱ्यातल्या बाई दिसतात? न्यायाधीशीणबाईंच्या मावशी. सहा पानं! पण त्यांचं खरं आहे म्हणतात.”

आम्ही सगळ्यांनी मावशींकडे आदराने पाहिलं.

कार्यक्रम सुरू झाला. एकेक रणरागिणी यायची, मागे वाद्यं वाजायची, निवेदक तिच्या हालअपेष्टा घोळवून घोळवून सांगायचा. लोक ‘अरेरे’ म्हणायचे आणि मग बिस्किटाच्या पुड्याचा आवाज यायचा. माझ्या सुनेच्या आधी ‘प्रेरणास्थानां’चा सत्कार झाला. फोरमन नव्या कोटात स्टेजवर चढला, काचेचं स्मृतिचिन्ह घेतलं, आणि म्हणाला, “मी काही केलं नाही, फक्त संधी दिली.” पहिलं अर्धं वाक्य त्याच्या आयुष्यातलं सर्वांत खरं बोलणं होतं. टाळ्या मात्र दुसऱ्या अर्ध्याला पडल्या.

मग सून उठली. माइक खाली ओढला, कागद वगैरे काही नाही.

“बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बाहेरच्या काचेच्या नळीत दिसतं,” तिने सुरुवात केली. “पाणी कमी झालं तर स्फोट होऊ शकतो, म्हणून सगळे त्या काचेकडे बघतात. पण काचेच्या वाटा गाळाने तुंबतात. मग आत पाणी नसतं आणि काचेत दिसत राहतं. म्हणून दर पाळीला काच धुवायची. खालचा नळ उघडायचा, काच रिकामी करायची, नळ बंद करायचा. पाणी झटकन वर आलं तर खरं. आलं नाही, किंवा रेंगाळत आलं, तर काच खोटं बोलतेय.”

निवेदकाने घड्याळ पाहिलं. मागे कुणीतरी जांभई दिली.

“या पुस्तकातली माझी काच कुणी धुतली नाही,” ती म्हणाली. “मी धुते. सासूबाईंनी माझी पुस्तकं जाळली नाहीत. भिजलेलं एक पुस्तक इस्त्रीने वाळवलं, सगळी पानं. मला घराबाहेर ठेवलं नाही, आमचं कुलूप खराब आहे, त्याला माझे यजमान जबाबदार आहेत. माझ्या मुलीकडे पाठ फिरवली नाही, तिला वाढवलं. मला काम त्यांनी मिळवून दिलं. ज्यांचा आता सत्कार झाला त्यांनी दिलं नाही, आईंनी त्यांच्याकडून काढून घेतलं.”

पहिल्या रांगेत बसलेल्या लेखिकाबाईंची मान ताठ झाली. माझ्या नातीने माझा हात धरला. खरंच धरला, बोटांत बोटं घालून. माझं काम झालं होतं! डोळे भरून आले आणि मी मनातल्या मनात म्हटलं, बाई, बस आता खाली, पुरे.

ती बसली नाही.

“आम्हा दोघींचं चांगलं जमतं. एकमेकींच्या वस्तूंना आम्ही हात लावत नाही. म्हणजे मी लावत नाही. त्यांच्या बटणांच्या डब्याला मी गेली बारा वर्षं हात लावलेला नाही.”

लोक हसले. सासू-सुनेची गंमत वाटली त्यांना. बारा वर्षं! म्हणजे तिने त्या आधी लावला होता. कधीतरी मी झोपलेली असताना, पोरीच्या झबल्याला बटण हवं म्हणून, डबा उघडला होता, बघितलं होतं, आणि जसंच्या तसं ठेवून दिलं होतं. आणि मग दर वेळी माझ्याकडे मागायला यायची. ‘तुम्हीच द्या. थांबते मी.’ बारा वर्षं थांबली होती. आणि मी याला मान समजून शेजारणीला सांगत होते.

“एवढं मी सांगितलं,” ती म्हणाली. “आणखी काही सांगायचं असेल तर आई सांगतील. मी सांगणार नाही.” आणि माइक तिने स्टेजवरून खाली दिला. तो माणसामाणसांतून माझ्यापर्यंत आला.

मी उभी राहिले. ‘धन्यवाद’ म्हणून बसता आलं असतं. कुणालाही काही कळलं नसतं, सुनेनेही जन्मभर अक्षर काढलं नसतं. तिला मी ओळखते, ती काच धुते आणि वाट बघते. पण नातीची बोटं अजून माझ्या बोटांत होती, आणि चोर आणि संन्यासी दोघंही मीच होते.

“पुस्तकं मी जाळली नाहीत,” मी म्हटलं. माइकमधून आलेला माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला. “मी तिचं पत्र लपवलं. परीक्षेचं बोलावणं होतं. बटणांच्या डब्यात ठेवलं, तारीख गेली, तरी दिलं नाही. अजून तिथेच आहे.” कुणी विचारलं नव्हतं तरी पुढचंही सांगितलं. “मला ते काम हवं होतं. मला मिळालं नाही. तिला मिळवून दिलं, आणि मिळताना बघवलं नाही.”

हॉलमधले बिस्किटांचे पुडे वाजायचे थांबले. मग मी फोरमनकडे वळले, कारण मुख्य गोष्ट पुढेच होती. “आणि त्या पायी ती आणखी एक वर्ष या गृहस्थांचा चहा...”

पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. आधी निवेदकाने वाजवल्या, मग सगळ्यांनी. माणसं उभी राहिली. चहाचं कुणाला ऐकूच गेलं नाही. फोरमन स्मृतिचिन्ह काखेत धरून सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होता. निवेदक गहिवरून म्हणाला, “काय हे मोठं मन! काय ही क्षमा!” क्षमा कुणी केली होती, केव्हा केली होती, मला दिसली नाही. सुनेने टाळी वाजवली नव्हती. नातीनेही नाही. तिने माझ्या बोटांतून आपली बोटं सोडवून घेतली होती.

लेखिकाबाई खुर्च्यांमधून वाट काढत आल्या. राग कुठच्या कुठे गेला होता. “हे दुसऱ्या आवृत्तीत घेते. पश्चात्ताप! मी म्हणतच होते, पाचवा टप्पा राहतोय. पत्राचा फोटो मिळेल?”

“बघा,” जलतरणपटूचे वडील माझ्या कानाशी पुटपुटले, “तुमची आता पाच पानं होणार. नशीब काढलंत.”

आम्ही गाडीने घरी निघालो. मुलगा चालवत होता, सून पुढे, मी आणि नात मागे. नात म्हणाली, “म्हणजे तू केलंस.”

“हो.”

“पण पुस्तकात आहे ते नाही.”

“ते नाही.”

“मग मी वर्गात काय सांगू?”

“सांग, माझी आजी वाईट आहे, पण पुस्तकात लिहिलीय तशी नाही.”

तिला हसू आलं असावं. पण तिने ते खिडकीकडे तोंड करून घेतलं, त्यामुळे मला खात्रीने सांगता येणार नाही.

दाराचं कुलूप अडकलं. चौघंही दारात उभे राहिलो. मुलगा म्हणाला, “रविवारी बघतो.” तिघीही त्याच्याकडे अशा वळलो की तो मुकाट्याने पेचकस आणायला खाली गाडीकडे गेला. सात वर्षांत पहिल्यांदा.

दार उघडून आत गेल्यावर सुनेने कोट काढला आणि निळं बटण दिव्याखाली धरून पाहिलं. मग माझ्याकडे काही न मागता सरळ कपाटाशी गेली, डबा काढला, टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. एका हाताने बटणं बाजूला सारली. पत्र काढलं. पाकीट पिवळं पडलं होतं. तिने घडी उलगडून ते सावकाश वाचलं, कारखान्याचे कागद वाचते तसं, शेवटच्या ओळीपर्यंत. नात तिच्या खांद्यावरून बघत होती.

“सकाळी दहा वाजता,” सून म्हणाली. पाकिटातलं तिने कधी वाचलंच नव्हतं. बारा वर्षांपूर्वी नुसतं पाकिटावरचं आपलं नाव आणि कार्यालयाचा शिक्का पाहून झाकण लावून टाकलं होतं. तिने भिंतीकडे बघत जरा हिशेब केल्यासारखं केलं. “हा तर बुधवार. बुधवारी माझी सुट्टी असायची, आई. घरीच होते मी त्या दिवशी. तुम्ही दुपारी म्हणालात, बाळ झोपलंय, तूही जरा पड.”

मला आठवत होतं. तिच्या अंगावर पांघरूण मीच घातलं होतं.

तिने पत्राची घडी घातली आणि डब्यात ठेवली नाही. मग काळं बटण शोधून काढलं. ते होतं, पत्राच्या खालीच होतं. सुई-दोरा घेऊन ती स्वतःच टाके घालायला बसली. मी समोर बसून राहिले. बोलण्यासारखं जे होतं ते मी माइकवर बोलून बसले होते, आणि तिथे लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. इथे दोरा कापडातून जाण्याचा आवाज तेवढा येत होता, आणि तो पुरा होईपर्यंत मला उठता येणार नव्हतं.